फुप्फुसाची इजा तपासताना: पूर्ण शवविच्छेदन की सुईचा नमुना?

गंभीर विषाणूजन्य न्यूमोनियाने माणूस गेला, तर फुप्फुस दोन तऱ्हांनी तपासता येतं: देह उघडून पूर्ण विच्छेदन, किंवा जाड सुईने फुप्फुसाचे बारीक तुकडे काढणं, म्हणजे सुईचा नमुना. सुईच्या नमुन्याला घरच्यांची संमती लवकर मिळते. चिरफाड नाही, देह अंत्यसंस्काराला पंचगंगेवर न्यायला लगेच मोकळा. १४ किंवा १६ गेजची (गेज म्हणजे सुईच्या जाडीचं माप) सुई बरगड्यांमधून घालून तुकडे थेट १० टक्के फॉर्मालिनमध्ये, म्हणजे ऊती टिकवणाऱ्या द्रावणात टाकायचे. हवेत विषाणू उडण्याचा धोकाही कमी.

पण या न्यूमोनियात इजा ठिगळाठिगळांची असते. फुप्फुसाच्या एका खंडात वायुकोशांना (हवेच्या सूक्ष्म पिशव्यांना) सूक्ष्मदर्शकाखाली गुलाबी, काचेसारखा पापुद्रा चिकटलेला, म्हणजे इजा ताजी. शेजारच्या खंडात तंतुपेशी (व्रण भरणाऱ्या पेशी) भरलेल्या, म्हणजे जुनी. तिसरीकडे जिवाणूंचा पू. सुई नेमकी बऱ्या भागात गेली तर अहवाल फसतो. म्हणून दोन्ही फुप्फुसांच्या पाचही खंडांतून एकाहून जास्त तुकडे हवेतच.

पूर्ण विच्छेदनात फुप्फुसांचं वजन कळतं: एरवी दोन्ही मिळून साधारण किलोभर, या आजारात दीड किलोच्याही पुढे जाऊ शकतात. श्वासनलिकेतून हळू फॉर्मालिन भरून, नळी बांधून २४ ते ४८ तास ठेवा. न भरता कापलं तर मिटलेले वायुकोश रोगासारखे दिसतात. फुप्फुसाच्या मोठ्या धमनीतली रक्ताची गुठळीही पूर्ण विच्छेदनातच सापडते. भिंतीला घट्ट चिकटलेली, थराथरांची असेल तर ती जिवंतपणीची. गुळगुळीत, सहज निघणारी मृत्यूनंतरची.

कोल्हापूरच्या एप्रिल-मेच्या उकाड्यात देह शीतपेटीबाहेर राहिला, तर पेशी आपोआप विरघळू लागतात आणि दोन्ही पद्धती फसवतात. मृत्यूचं कारणच अस्पष्ट असेल तर आमचा कौल पूर्ण विच्छेदनाला.