जुन्या ॲम्बॅसडरला पॉवर स्टिअरिंग: हायड्रॉलिक की इलेक्ट्रिक?
मालवणच्या अरुंद गल्लीत गाडी वळवताना खरा जोर लागतो तो चाकं जवळपास थांबलेली असताना. तिथे दोन्ही प्रकार मदत करतात.

हायड्रॉलिकला इंजिनवर पंप, पट्टा, होज (तेलाच्या नळ्या) आणि वेगळा रॅक (चाकं वळवणारी दातेरी पट्टी) लागतो. खाऱ्या हवेत होजची धातूची टोकं गंजतात, तेल झिरपतं. किनाऱ्यावर आम्ही हा प्रकार सुचवणार नाही.

इलेक्ट्रिकची मोटर डॅशबोर्डखाली, कॉलमवर म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्यावर बसते. मूळ रॅक राहतो. मात्र मोटरचा सगळा जोर त्याच रॅकमधून जातो, म्हणून आधी रॅक आणि युनिव्हर्सल जॉइंट (दांड्याचा तिरका फिरणारा सांधा) यांचा प्ले, म्हणजे ढिलेपणा, काढा. पूर्ण जोरात मोटर ३० अँपिअरहून जास्त ओढते. बॅटरी चार्ज करणाऱ्या जुन्या डायनॅमोला ते झेपत नाही. त्याच्या जागी जास्त वीज देणारा अल्टरनेटर बसवा, बॅटरीपासून जाड स्वतंत्र वायर घ्या, फ्यूज बॅटरीलगत ठेवा. गाडी पॉझिटिव्ह अर्थची (बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेली) असेल तर आधी निगेटिव्ह करून घ्या. अर्थ पॉइंट रंग खरवडून घट्ट आवळा, वर ग्रीस लावा. तिथे गंज चढला की व्होल्टेज पडतं आणि ऐन वळणावर मदत तुटते.

गाडीच्या वेगाचा सिग्नल नसलेल्या इलेक्ट्रिक किटमध्ये मदत नॉबने ठरते. ती गल्लीच्या हिशेबाने वाढवली तर कशेडी घाटाच्या उतारावर स्टिअरिंग धोकादायक हलकं होतं. मोटर बसवताना कॉलमचं वेल्डिंग जाणत्याकडूनच करून घ्या.