पावसाळ्यातून गेलेला कंडेन्सर माइक: दहा महिन्यांनंतर

जानेवारीत, संक्रांतीच्या आठवड्यात, मी ८,९०० रुपयांना मोठ्या डायफ्रामचा (आवाजाने थरथरणाऱ्या पडद्याचा) कंडेन्सर माइक घेतला, म्हणजे अगदी बारीक आवाजही पकडणारा. जूनपर्यंत त्याचं कौतुक करून मैत्रिणींचे कान किटवले. जुलैमध्ये त्याच्याच नावाने बोटं मोडली आणि भेटेल त्याला सांगितलं, हा घेऊ नकोस. आता नोव्हेंबर आहे. माझी पहिली पाच गाणी, त्यातली चार याच माइकवर केलेली, बाहेर येऊन तीन आठवडे झालेत. दोन्ही वेळा मी घाईने बोलले, म्हणून आता नीट लिहिते.

ब्रँडचं नाव मुद्दाम घेत नाही. मला झाला तो त्रास या किमतीतल्या बहुतेक कंडेन्सरना होऊ शकतो. एका कंपनीचं नाव वाचून तुम्ही दुसरीचा माइक घेतलात आणि तोही जुलैत तडतडला, तर या लिहिण्याचा उपयोग काय? माइकच्या बाकीच्या तांत्रिक तपशिलांत वेळ घालवत नाही.

मी सावईवेऱ्याला राहते. घर चिऱ्याचं, वर मंगळुरी कौलं, मागचं दार उघडलं की कुळागर, म्हणजे पोफळींची बाग. गोव्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि पोफळींखाली तो थांबल्यावरही बराच वेळ ठिबकत राहतो. ज्या खोलीत झोपते त्याच खोलीत गाते. कपाटाची दोन्ही दारं उघडी, आत आईच्या साड्या, पाठीमागे दोरीवर दोन गोधड्या. पंखा बंद. हा माझा स्टुडिओ.

पहिल्या पाच महिन्यांबद्दल मी जे बोलत होते त्यातला एक शब्दही मागे घेत नाही. माझा आवाज लहान आहे. देवळातल्या भजनात तो पेटीखाली दबून जातो. या माइकसमोर एक वीत अंतरावर बसून, शेजारच्या खोलीत झोपलेल्या माणसाला जाग येणार नाही इतक्या हळू गायले, आणि हेडफोनमध्ये ऐकलं तर शब्दाच्या आधी ओठ सुटल्याचा आवाजसुद्धा होता. मी तो टेक, म्हणजे ते एका दमातलं रेकॉर्डिंग, चार वेळा ऐकला. आपला आवाज दुबळा नाही, त्याला फक्त कोणी जवळ येऊन ऐकलेलं नव्हतं, असं वाटलं. पहिली दोन गाणी शिगम्याच्या आत झाली.

त्रास एकच होता. हा माइक सगळंच ऐकतो. दारोदार पाव विकणाऱ्या पोदेराचा पों-पों अजून वळणापलीकडे असतो तेव्हाच रेकॉर्डिंगमध्ये येतो. म्हणून मी रात्री साडेअकरानंतर गायला लागले आणि माइक स्टँडवरच ठेवायला लागले. रोज कोण काढणार, कोण लावणार. ही चूक होती, पण तेव्हा ऊन होतं.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, तिसऱ्या गाण्याच्या वेळी, पाऊस नुकता थांबला होता. दुसऱ्या कडव्यात हेडफोनमध्ये तडतड सुरू झाली. ओली लाकडं चुलीत घातल्यावर येते तशी, मध्येच, कसलाही ठेका नसलेली. आधी केबलवर संशय घेतला. केबल बदलली, माइक लॅपटॉपला जोडणाऱ्या इंटरफेसचं दुसरं इनपुट वापरलं, लॅपटॉपचा चार्जर काढला. तडतड तशीच. तो टेक तीन मिनिटं वीस सेकंदांचा आहे आणि त्यात एकेचाळीस ठिकाणी तडतड आहे, मी मोजली. रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये स्पेक्ट्रल एडिट (आवाजाच्या आलेखातून नको तेवढा भाग काढणं) वापरून दोन रात्री एकेक ठिणगी पुसली. पुसता पुसता ‘श’ आणि ‘स’ बोथट झाले. नंतर तेच गाणं कितीतरी वेळा गायले. त्या रात्री जसं लागलं होतं तसं परत लागलं नाही. प्रसिद्ध झालेल्या गाण्यात आहे तो सप्टेंबरचा टेक आहे. मला तो आवडतो, पण तो तो नव्हे.

वॉरंटी दोन वर्षांची होती. माइक कुरिअरने मोठ्या शहरातल्या सर्व्हिस सेंटरला पाठवला, ४६० रुपये माझे. नऊ दिवसांनी ईमेल आला: कॅप्सूलमध्ये (आवाज पकडणाऱ्या भागात) ओलावा, वॉरंटीत बसत नाही, कॅप्सूल बदलायला ४,२०० रुपये. मी विचारलं, माइक पाण्यात पडलेला नाही, त्यावर पाणी सांडलेलं नाही, नुसत्या हवेतल्या दमटपणाला तुम्ही ग्राहकाचा दोष म्हणता का? मॅन्युअलचं पान जोडून उत्तर आलं. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात ‘कोरड्या जागी ठेवा’ असं होतं. मग ही वस्तू किनारपट्टीवर कोणत्या विचाराने विकता? माझ्याकडून अकरा ईमेल गेले. त्यांच्याकडून तोच मजकूर नाव बदलून येत राहिला. ४,२०० मी देणार नव्हते. माझ्या पगारात ती रक्कम मोठी आहे आणि तत्त्वाचाही प्रश्न होता. शेवटी दुरुस्त न करताच परत मागवला, पुन्हा ४६० रुपये.

सव्वीस दिवसांनी खोका आला. उघडला, लावला, गायले. तडतड गायब! कोणी एक स्क्रूही फिरवलेला नव्हता. नऊ दिवस माइक जानेवारीसारखा चालला आणि दहाव्या दिवशी, रात्रभर पाऊस झाल्यावर, परत तेच. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांच्या एसीच्या खोलीत तो तीन आठवडे पडून वाळला होता, बाकी काहीच झालं नव्हतं.

कंडेन्सरच्या कॅप्सूलमध्ये सोन्याचा मुलामा दिलेली काही मायक्रॉन जाडीची प्लास्टिकची फिल्म असते आणि तिच्यामागे केसाएवढ्या फटीवर धातूची चकती. दोन्ही मिळून एक कॅपॅसिटर, म्हणजे विजेचा भार साठवणारा भाग. त्यातून येणारा सिग्नल इतका नाजूक असतो की पुढच्या सर्किटमध्ये गिगाओहमचे, म्हणजे विजेला प्रचंड अडवणारे, रेझिस्टर लागतात. तिथे ओलाव्याचा पातळ थर बसला की विजेला गळायला वाट मिळते, आणि ही गळती म्हणजे आपली तडतड. वाळलं की वाट बंद. म्हणजे माझी कॅप्सूल खराब झालेलीच नव्हती. माझा सगळ्यात मोठा राग इथे आहे. माइक त्यांच्या टेबलावर वाळून ठीक झाला होता, परत पाठवताना एकदा लावून बघितला असता तर कळलं असतं. तरी शेवटच्या ईमेलपर्यंत ४,२०० चा आकडा कायम होता.

उपाय सांगितला आमच्या भागात जत्रांना आणि नाटकांना साउंड लावणाऱ्या काकांनी. माइक बघून त्यांनी एकच विचारलं, ‘‘बाय, रात्री हा उघडाच असतो?’’ त्यांच्या माइकची पत्र्याची ट्रंक आहे आणि पावसाळ्यात आत पंधरा वॅटचा पिवळा दिवा चालू असतो. ‘‘माझ्याकडे एवढी वर्षं झाली, एक माइक कुजला नाही,’’ ते म्हणाले. मी औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. गोळ्यांच्या प्रत्येक बाटलीत ओलावा शोषणारी सिलिकाची पुडी पडताना रोज बघते. घरातला माइक मात्र सहा महिने उघडा होता, याचं मला अजून वाईट वाटतं.

तर माझी आताची सोय अशी. रबरी कडा असलेला, क्लिपने बंद होणारा धान्याचा मोठा डबा, ३२० रुपये. अर्धा किलो नारिंगी सिलिका जेल, २१० रुपये. निळं मिळतं ते घेऊ नका, त्यात कोबाल्ट क्लोराइड असतं आणि मणी घरात हाताळायचे असतात. आर्द्रता दाखवणारा छोटा डिजिटल मीटर, १८० रुपये. एकूण ७१०. पावसात खोलीचं रीडिंग ९० टक्क्यांच्या वर असायचं, डब्यात पहिल्याच रात्री ४८ वर आलं. तिसऱ्या दिवसापासून तडतड नाही, आणि ऑगस्टपासून आजवर एकदाही नाही. ९२० रुपये कुरिअरला गेले आणि इलाज ७१० मध्ये झाला.

मणी ओलावा पिऊन हिरवे झाले की परत कोरडे करावे लागतात. ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन तास, असं सांगतात. आमच्याकडे ओव्हन नाही. जुन्या ॲल्युमिनियमच्या टोपात मंद आचेवर हलवत बसते, रंग परत नारिंगी होईपर्यंत. तो टोप आता स्वयंपाकात वापरत नाही. आणि कृपा करून माइक तांदळात पुरू नका, तांदळाची पूड जाळीतून आत जाते. हेअर ड्रायर तर मुळीच नको, ती फिल्म ताणली गेली तर मग खरोखरच नवी कॅप्सूल लागेल. पॉप फिल्टर, म्हणजे माइकसमोरचा पातळ पडदा, तोही सोडू नका. तो ‘प’ आणि ‘फ’च्या फुंकरीसाठी असतो असं मला वाटायचं, पण तोंडातली वाफ आणि थुंकीही तोच अडवतो. माझा भरतकामाच्या रिंगवर जुना नायलॉनचा मोजा ताणून केलेला आहे. दुकानातला नंतर मैत्रिणीकडे वापरून पाहिला, फरक ऐकू आला नाही.

हे सगळं आजोबांना सांगितलं तर त्यांना त्यात नवल वाटलं नाही. त्यांचं घुमट, म्हणजे एका तोंडाला चामडं ताणलेलं मातीच्या घटाचं वाद्य, चुलीवरच्या फळीवर टांगलेलं असतं. चवथीच्या आधी पावसाने चामडं सैल पडतं, थाप मारली की आवाज बसका येतो. आरतीपूर्वी ते निखाऱ्यांच्या धगीवर फिरवून, बोटाने टिचकी मारत, कान लावून बघतात. पूर्वी त्यावर घोरपडीचं कातडं असायचं. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने घोरपडीला संरक्षण आहे, आता बकऱ्याचं असतं, आणि आजोबा म्हणतात बकऱ्याचं पाणी जास्त पितं. २०१९ मध्ये सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य केलं, तेव्हा त्यांनी ते नवीन बांधून घेतलं होतं. ‘‘वाद्य कोरडं ठेवायचं असतं, तुझं ते पण वाद्यच ना?’’ एवढंच ते म्हणाले.

चौथ्या गाण्यात तेच घुमट आहे. या माइकने ते कसं पकडलं हे लिहिलंच पाहिजे. माइक चामड्याच्या बाजूला नव्हे, मातीच्या घटाच्या मागच्या उघड्या बाजूपासून हातभर लांब, थोडा तिरका ठेवला. डावा पंजा त्या तोंडावर उघडझाप करतो तेव्हा आतली हवा ‘हुं’ करते. तो ‘हुं’ पूर्ण आला, खाली गुंजणाऱ्या शेपटीसकट. मला गाण्यात बासचं वेगळं वाद्य घालावंच लागलं नाही. पाच महिन्यांतल्या कौतुकात मी हे धरलं नव्हतं, तेव्हा हे माहीतच नव्हतं.

मधल्या काळात काकांनी शुअर एसएम ५८ वापरायला दिला. १९६६ पासून चालत आलेला हा डायनॅमिक माइक. आत तारेचं वेटोळं आणि चुंबक, फँटम पॉवर (इंटरफेसमधून माइकला द्यावी लागणारी वीज) नको, दमट हवेची फारशी फिकीर नाही. पावसात कौलांचा आवाज त्यात कितीतरी कमी आला, कारण ओठ जवळजवळ जाळीला लावून गाता येतं. पाचवं गाणं त्याच्यावरच आहे आणि ते मोकळ्या आवाजातलं असल्याने शोभलं. पण कुजबुजीच्या जवळ गेले की इंटरफेसचा गेन (आवाज वाढवणारा खटका) शेवटापर्यंत फिरवावा लागायचा, मग सू-सू वाढायची, आणि शब्दांवरचा तो ओलसर पापुद्रा जायचा. म्हणून माझं मत असं: पैसे एकाच माइकचे असतील आणि डब्याची कटकट करायची तयारी नसेल, तर डायनॅमिक घ्या. हळू गाणाऱ्याने कंडेन्सरच घ्यावा, आणि त्याच दिवशी डबाही.

प्रसिद्ध करण्याचं थोडक्यात सांगते. गाणी स्पॉटिफायसारख्या ॲपवर वितरकामार्फत चढवली. प्रत्येक गाण्याला बारा अक्षरांचा आयएसआरसी (रेकॉर्डिंगचा ओळख-क्रमांक) त्यांनीच दिला, वेगळे पैसे देऊ नका. आवाज स्पॉटिफायच्या उणे १४ एलयूएफएसच्या (आवाजाचा मोठेपणा मोजण्याचं एकक) जवळ ठेवला, कुजबुजीचं गाणं त्याहून ओढून मोठं करू नये. स्पॉटिफायवर वर्षात हजार स्ट्रीम झाल्याशिवाय त्या गाण्याचे पैसे मिळत नाहीत. पाचपैकी घुमटाचं एकच गाणं त्या आकड्यापलीकडे गेलं आहे.

तिसऱ्या गाण्याच्या शेवटी नीट ऐकलंत तर लांबून आई ओरडताना ऐकू येते: ‘‘पावस आयलो गो, कपडे काड!’’ हेडफोनशिवाय कळत नाही. मिक्स करताना ती ओळ तीनदा कापली आणि तीनदा परत आणली. स्वयंपाकघर आणि माझी खोली यांच्यामध्ये दोन चिऱ्याच्या भिंती आहेत.

पाच पैकी चार तारे. एक तारा सर्व्हिससाठी कापला, तो परत देणार नाही. आज सकाळी खोलीत ७४, डब्यात ४१. मणी कडेने हिरवे व्हायला लागलेत, रविवारी टोप चढवते.