नाट्यगृहाच्या नावाने फाडलेल्या पावत्या

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांनी बांधलेलं, १९१५ साली ‘पॅलेस थिएटर’ म्हणून सुरू झालेलं आणि १९५७ पासून संगीत नाटकांतले गायक-नट केशवरावांच्या नावाने ओळखलं जाणारं. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. जळक्या भिंतींसमोर माणसं उभी राहून रडत होती. आमची फसवणूक झाली ती याच भावनेवर.

मी कोल्हापुरातल्या एका छोट्या हौशी नाट्यसंस्थेचा खजिनदार. आमची पोरं बहुतेक कॉलेजातली. एकांकिका बसवायची म्हणजे तालमीच्या हॉलचं भाडं, लाइटवाला, नेपथ्य न्यायला टेम्पो, स्पर्धेची प्रवेश फी, वर पोरांचा चहा-वडापाव. वर्गणीत हे बसत नाही. नाटकवाल्यांच्या खिशात काय असतं ते नाटकाबाहेरच्यांनाही ठाऊक असतं.

आगीनंतर काही महिन्यांनी एक गृहस्थ तालमीला आले. खादीचा कुर्ता, गळ्यात कुठल्याशा प्रतिष्ठानचं ओळखपत्र. माणूस अभ्यासू होता, हे आजही नाकारत नाही. केशवरावांनी १९०८ साली हुबळीत ‘ललितकलादर्श’ ही नाटक कंपनी कशी काढली, हे त्याने असं रंगवून सांगितलं की पोरं तालीम विसरली. मग पिशवीतून पावतीपुस्तकं निघाली. शंभरची, पाचशेची, हजाराची. प्रत्येक पावतीवर जळालेल्या नाट्यगृहाचा फोटो आणि खाली ‘पुनर्बांधणी व युवा रंगकर्मी निधी’. गोळा होईल त्यातले साठ टक्के वास्तूला, चाळीस टक्के तुमच्या एकांकिकेला. शिवाय एक कंपनी सीएसआरमधून, म्हणजे समाजकार्यासाठी राखलेल्या पैशातून, तेवढीच रक्कम वर घालणार.

खरी मेख इथे होती. नुसतं ‘नाट्यगृहासाठी पैसे द्या’ म्हणाला असता, तर कुणीतरी महापालिकेत जाऊन विचारलं असतं. नुसतं ‘तुम्हाला अनुदान देतो’ म्हणाला असता, तर आम्ही मंजुरीचं पत्र मागितलं असतं. त्याने दोन्ही एकत्र बांधलं. नाट्यगृहाचं नाव आलं म्हणून आमच्या अनुदानाची शंका येईना, आणि पोरांचं भलं होतंय म्हणून नाट्यगृहाच्या नावावर कोण काय गोळा करतंय हे कुणी विचारीना. त्यात मागणारी आपल्याच गल्लीतली पोरं. रंकाळ्यावर फिरायला आलेले, भेळवाले, शिकवणीचे सर, सगळ्यांनी दिले. एका पोरीच्या आज्जीने पेन्शनमधून हजार काढून दिले आणि पावती देवघरात ठेवली.

पैसे क्यूआर कोडवर जायचे. स्कॅन केल्यावर प्रतिष्ठानाचं नव्हे, एका व्यक्तीचं नाव यायचं. आमच्या एका पोराने ते विचारलंही. ‘संस्थेचं खातं ऑडिटला अडकलंय रे, तोवर आमच्या कोषाध्यक्षांचं चालवतोय,’ असं उत्तर मिळालं. सत्तर हजारांच्या आसपास गेल्यावर फोन बंद झाला. पावतीवरच्या पत्त्यावर झेरॉक्सचं दुकान निघालं.

महापालिकेतल्या कारकुनांनी पावती उलटसुलट केली आणि म्हणाले, ‘अहो, आमची पावती अशी असते होय?’ बरोबरच होतं त्यांचं. नाट्यगृह महापालिकेच्या मालकीचं. त्याच्या बांधकामाला शासनाचा निधी मंजूर होतो, निविदा निघते, ठेकेदाराची बिलं तपासून दिली जातात. त्या वास्तूसाठी कुणाला देणगी द्यायचीच असेल, तर पावती महापालिकेची हवी. साठ टक्के-चाळीस टक्के ही भाषा सरकारी हिशेबात कुठेच बसत नाही.

सीएसआरचंही तसंच. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम अशा कामांवर खर्च करावी लागते, आणि ऐतिहासिक वास्तूंची दुरुस्ती व कला ही कामं त्या यादीत आहेत. म्हणून थाप खरी वाटते. पण कंपनीचा असा पैसा घेणाऱ्या संस्थेला १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ अर्ज भरून नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. तो क्रमांक मागा. देणगीवर आयकराची (‘८० जी’ची) सवलत मिळेल असं सांगत असतील तर पावतीवर संस्थेचा पॅन आणि त्या मंजुरीचा क्रमांक बघा. नोंदणी नसलेली गणेश मंडळंसुद्धा वर्गणीसाठी धर्मादाय कार्यालयातून कलम ४१ क ची परवानगी काढतात. या प्रतिष्ठानाकडे तीही नव्हती.

तरुण कलाकारांसाठी खरा पैसा नाही असं नव्हे. केंद्रीय संस्कृती मंत्रालयाची १८ ते २५ वयोगटासाठी शिष्यवृत्ती आहे, महिना ५,००० रुपये, दोन वर्षं. अर्ज करा, निवडीला सामोरं जा, मिळाली तर मिळाली. त्यासाठी कुणाच्या मावशीकडून शंभर रुपये आणावे लागत नाहीत.

तक्रार दिली आहे. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला तेव्हा उशीर झाला होता, खातं रिकामं होतं. पहिल्या काही तासांत कळवलं तर पुढे गेलेली रक्कम गोठवता येण्याची शक्यता असते, असं तिथे सांगितलं. पोरांनी ज्यांच्याकडून पैसे घेतले त्यांची यादी केली आहे आणि प्रयोगाच्या तिकिटांतून संस्था परतफेड करते आहे. आज्जींनी हजार परत घ्यायला नकार दिला, त्यावरून घरात अजून वाद चालू आहे.

गेल्या महिन्यात दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका नाटकवाल्या मित्राने एका पावतीचा फोटो पाठवला. वास्तू दुसरी, मजकूर तोच, चाळीस टक्केही तेच. असं पुस्तक तुमच्या तालमीत आलं, तर ते परत करण्याआधी प्रत्येक पानाचा आणि क्यूआर कोडचा फोटो काढून ठेवा. आम्ही पुस्तकं त्याच्याच हातात परत दिली होती, आणि पोलिसांनी सगळ्यात आधी तीच मागितली.