साइडमाउंटचा शिक्षक कसा निवडावा: आठ महिने, ४६ डायव्ह आणि दोन कोर्सनंतर

साइडमाउंट, म्हणजे सिलिंडर पाठीऐवजी अंगाच्या बाजूंना लावून डायव्हिंग करण्याचा कोर्स मी दोनदा केला, दोन वेगळ्या शिक्षकांकडे, दोन्ही वेळा पूर्ण पैसे भरून. दुसऱ्या कोर्सला आता आठ महिने झाले. पहिल्या कोर्सनंतर लगेच लिहायला बसले असते तर त्या शिक्षकाचं कौतुकच केलं असतं. माणूस गोड होता आणि कोर्स पूर्ण झाल्याचं कार्ड दोन दिवसांत हातात पडलं होतं.

मी ह्यूस्टनला राहते. डायव्हिंगची सुरुवात मात्र तारकर्लीला झाली. पुढे कंबर धरायला लागली आणि पाठीवर सिलिंडर घेऊन बोटीची शिडी चढणं नकोसं झालं. साइडमाउंटमध्ये सिलिंडर काखेखाली, अंगाच्या दोन्ही बाजूंना असतात आणि पाण्यात उतरल्यावर एकेक करून अडकवता येतात. मी वळले ते एवढ्याचसाठी.

पहिला कोर्स घराजवळच्या तलावात झाला. हार्नेस, म्हणजे सिलिंडर अडकवायचा अंगावरचा पट्ट्यांचा साज, सहा फुटी माणसाच्या मापाने बांधलेला, मी पाच फूट एक इंच. शिक्षकाने खांद्याचे पट्टे जरा ओढले आणि म्हणाला, "पाण्यात गेलं की बसेल." बसला नाही. पॅडी या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या या कोर्सला एक सत्र उथळ, सुरक्षित पाण्यात आणि कमीत कमी तीन डायव्ह खुल्या पाण्यात लागतात. तेवढ्या झाल्या आणि कोर्स संपला.

खरी भीती नंतर वाटली. एका डायव्हला मी डाव्या सिलिंडरचा हवेचा दाब दाखवणारा काटा पाहिला तर ६० बार (बार हे दाबाचं एकक), उजव्यात १८०. साइडमाउंटची दोन सिलिंडर एकमेकांना जोडलेली नसतात. प्रत्येकाचा रेग्युलेटर (ज्यातून तोंडाने श्वास घेतो ते उपकरण) वेगळा, काटा वेगळा. म्हणून आलटून पालटून श्वास घ्यायचा, साधारण दर ३० बारला रेग्युलेटर बदलायचा. त्या क्षणी उजवा रेग्युलेटर बिघडला असता तर परतायला हाताशी फक्त ते ६० बार होते. हे मला कोर्समध्ये एकदा सांगितलं होतं, करून घेतलं नव्हतं.

दुसरा कोर्स मेक्सिकोत, तुलुमला. तिथल्या शिक्षिकेने पहिला अख्खा दिवस मला जमिनीवर ठेवलं. तेव्हा वैताग आला होता, आज वाटतं की कोर्सचे निम्मे पैसे त्या एका दिवसाचे होते. तिने हार्नेस पूर्ण सोडला आणि माझ्या अंगावर नव्याने बांधला. छातीवरची डी-रिंग (सामान अडकवायची धातूची कडी) कुठे यावी, तर हात सहज वळवून अंगठा जिथे टेकतो तिथे. मग सिलिंडरभोवतीचा पट्टा स्क्रूड्रायव्हरने सैल करून बोटभर सरकवला, पुन्हा आवळला, मला वाकायला लावलं, बघितलं, पुन्हा सोडला. असं पाच-सहा वेळा. सिलिंडरचं वरचं टोक काखेपाशी धरून ठेवणारी बंजीची, म्हणजे ताणली जाणारी दोरी चार बोटं कापली. शेवटी पट्ट्याच्या जागेवर पांढरी चिकटपट्टी लावून पेनाने रेघ मारली.

साइडमाउंटची मुळंच अशी आहेत. इंग्लंडच्या मेंडिप टेकड्यांतल्या पाण्याने भरलेल्या गुहांमधून १९६०च्या दशकात माणसं सरपटत जायची, तेव्हा प्रत्येकाने आपलं सामान आपल्या अंगाला बेतूनच बनवलं होतं. तयार मापाचा हार्नेस अंगात घालून पाण्यात ढकलणारा शिक्षक या पद्धतीचा मुख्य धडाच गाळतो, असं माझं ठाम मत आहे.

पाण्यातला फरक तर लगेच कळला. आपण वापरतो ती ॲल्युमिनिअमची ८० नंबरची (साधारण ८० घनफूट हवेची) सिलिंडर भरलेली असताना बुडतात, हवा संपत आली की त्यांचं बूड वर उचललं जातं, कारण आतल्या हवेचंच वजन अडीच किलोवर असतं. पहिल्या कोर्सनंतर माझी सिलिंडर प्रत्येक डायव्हच्या शेवटी शेपटीसारखी वर यायची आणि मी समजायचे, मलाच जमत नाही. तुलुमच्या शिक्षिकेने दाखवलं की सिलिंडरच्या बुडाकडची कडी काढून कंबरेच्या पुढच्या रिंगला अडकवायची. दहा सेकंदांचं काम! तेही मला नीट यायला दोन दिवस लागले.

आणखी एक गोष्ट तिने करून घेतली. रेग्युलेटर आपोआप हवा सोडायला लागला तर काखेपाशी हात नेऊन व्हॉल्व्ह बंद करायचा, श्वासापुरता उघडायचा, पुन्हा बंद. डाव्या हाताने, उजव्या हाताने, मास्क काढून. गुहेत मात्र तिने मला नेलं नाही. सेनोतेच्या, म्हणजे तिथल्या चुनखडीतल्या पाण्याने भरलेल्या खड्ड्याच्या तोंडाशी उजेडातच सराव झाला, कारण गुहेचं प्रशिक्षण वेगळं असतं. साइडमाउंटच्या कार्डावर कुणी "जरा आत डोकावून येऊ" म्हणालं तर त्याच्याकडे शिकू नका.

आता मला कुणी विचारलं तर आधी एकच सांगते: पैसे भरण्यापूर्वी शिक्षकाला विद्यार्थ्यांशिवाय डायव्ह करताना बघा, निदान व्हिडिओ मागा. त्याची स्वतःची सिलिंडर अंगाला समांतर आहेत का? मग विचारा, हार्नेस बसवायला किती वेळ देणार, आणि मला जमलं नाही तर काय. माझ्या शिक्षिकेने शेवटच्याचं उत्तर फोनवरच दिलं होतं: "तर कार्ड मिळणार नाही, पण पुढचा दिवस मी देईन." तिची फी पहिल्याच्या दुप्पट होती.

एक तक्रार आहेच. लांब होज (रेग्युलेटरची हवेची नळी) देऊन जोडीदाराला हवा पुरवण्याचा सराव एकदाच झाला, तोही उथळ पाण्यात. तो मी नंतर फ्लोरिडाच्या झऱ्यांमध्ये मैत्रिणीसोबत वारंवार केला. सिलिंडरं तिथे भाड्यानेच घेते, दर वेळी वेगळी. चिकटपट्टीवरच्या रेघेचं अंतर व्हॉल्व्हपासून मोजून वहीत लिहून ठेवलंय, त्यामुळे पट्टा आता पाच मिनिटांत बसतो.