मॉली, एचबीएन की साधी गोळी?

रायफलच्या गोळीला कोटिंग, म्हणजे मॉली किंवा एचबीएन या निसरड्या पुडीचा पातळ थर, करावं का, असं विचारणाऱ्याला खरं तर दोन गोष्टी हव्या असतात. ग्रुप, म्हणजे टार्गेटवरच्या भोकांचा पुंजका, आवळून यावा आणि नळी जास्त टिकावी. नळीचं आधी उरकून टाकतो, कारण तिथे वादाला फारशी जागा नाही.

रायफलची नळी घासून संपत नाही, जळून संपते, आणि तीही थ्रोटपासून, म्हणजे काडतूस बसतं त्या चेंबरच्या लगेच पुढच्या भागापासून. काडतुसातल्या दारूच्या ज्वाळेचं तापमान अडीच ते तीन हजार अंश सेल्सिअसच्या घरात असतं. पोलाद साधारण १४५० ते १५०० अंशांच्या आसपास वितळतं. ही धग मिलिसेकंदभरच लागते म्हणून नळी वाचते. पण आतला पातळ थर दर फैरीला तापतो, निवतो, ठिसूळ होतो आणि शेवटी त्याला मगरीच्या कातड्यासारख्या भेगा पडतात. बोअरस्कोप घातला की त्या थ्रोटच्या पुढच्या दोन-तीन इंचांत स्पष्ट दिसतात. गोळी आणि नळी यांच्यातलं घर्षण कमी केलं म्हणून या गॅसचं तापमान कमी होत नाही. ६.५-२८४ या काडतुसाची स्पर्धेतली नळी हजार-बाराशे गोळ्यांत उतरणीला लागते आणि .३०८ ची पाच हजारांच्या पुढे जाते. त्यामागे जॅकेटचा, म्हणजे गोळीवरच्या तांब्याच्या आवरणाचा, गुळगुळीतपणा नसतो. एवढ्याशा बोअरमधून (नळीच्या भोकातून) किती दारूचा जाळ काढायचा, हा तिथला हिशेब असतो.

त्यात एक मेख आहे. कोटिंगमुळे गोळी रायफलिंगमध्ये (नळीच्या आतल्या पिळदार खाचांमध्ये) सहज शिरते, दाब कमी चढतो आणि तेवढ्याच दारूत वेग पडतो. मॉलीच्या बाबतीत ही घट सेकंदाला साधारण ३० ते ६० फुटांची असते. ती भरून काढायला लोक दारू वाढवतात, म्हणजे थ्रोटवर पुन्हा तेवढाच किंवा थोडा जास्तच जाळ. एका हातानं दिलं, दुसऱ्या हातानं घेतलं. नळीच वाचवायची असेल तर दारू अर्धा-एक ग्रेन (दारू मोजायचं छोटं वजन) उतरवा आणि दोन फैरींमध्ये नळी निवू द्या. कोटिंगच्या डबीपेक्षा याचा उपयोग जास्त.

आडवळणानं मिळणारा फायदा मात्र खरा आहे. तांबं कमी चिकटतं, म्हणून सफाई कमी लागते. सफाई कमी म्हणजे रॉडची ये-जा कमी. बोअर गाइड (सफाईचा रॉड सरळ ठेवणारी नळकांडी) न लावता वाकडा रॉड रेटून थ्रोटची किंवा नळीच्या तोंडाची कड मारणाऱ्यांची नळी कोटिंगमुळे जास्त टिकेल, यात शंका नाही. पण मग ती बोअर गाइडनंही टिकेल.

आता नेमबाजीकडे. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात मॉलीची लाट आली तेव्हा सिएरा, हॉर्नडी, बर्गर, नॉर्मा अशा नामांकित कंपन्यांच्या मॉली लावलेल्या गोळ्या बाजारात होत्या. पुढे ती लाट ओसरली, आणि कारणं बहुतेक व्यवहाराची होती. कोटिंगनं ग्रुप लहान होतो असं म्हणण्याइतपत फरक मला तरी दिसलेला नाही. दिसतो तो वेगळा फायदा: ग्रुप उघडायला लागेपर्यंत जास्त गोळ्या मारता येतात. हाताने लॅप केलेल्या (आतून घासून गुळगुळीत केलेल्या) चांगल्या नळीत तांबं मुळातच कमी धरतं, तिथे हा फायदा नावापुरता. खडबडीत फॅक्टरी नळी वीस-पंचवीस गोळ्यांतच तांब्याने माखून ग्रुप फाकवत असेल, तर तिथे कोटिंग आपली किंमत वसूल करतं.

पर्याय मुख्यतः दोन. मॉली म्हणजे मॉलिब्डेनम डायसल्फाइड, काळी पूड. एचबीएन म्हणजे हेक्सागोनल बोरॉन नायट्राइड, पांढरी पूड. दोन्हींची रचना पापुद्र्यांची, म्हणून दोन्ही निसरड्या. टंगस्टन डायसल्फाइडही वापरतात, पण त्याचा स्वभाव मॉलीच्या जवळचा असल्याने वेगळा विचार करायची गरज वाटत नाही. फरक पडतो तो इथे: मॉली हवेत ४०० अंशांच्या आसपास ऑक्सिडाइझ व्हायला लागते, एचबीएन ९०० अंशांच्या पुढेही तग धरतं. मॉलीत गंधक आहे, एचबीएनमध्ये नाही. दमट हवेत मॉलीचा थर नळीत तसाच महिनोन्‌महिने राहिला तर त्याखाली गंज धरण्याची भीती निराधार नाही. पावसाळी हवेत रायफल ठेवायची असेल तर एवढ्या एका कारणासाठीही मी एचबीएनकडे झुकेन.

लावायची रीत दोन्हींची सारखीच. गोळ्यांवर कारखान्यातल्या पॉलिशचा तेलकट अंश असतो, तो आधी गरम पाणी आणि भांड्यांच्या साबणाने किंवा अ‍ॅसिटोनने काढायचा आणि गोळ्या पूर्ण वाळवायच्या. इथे घाई केली की कोट ठिपक्या-ठिपक्यांनी बसतो. मग घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिक बरणीत गोळ्या, एअरगनचे ४.५ मिलिमीटरचे पोलादी छर्रे आणि शंभर गोळ्यांना पाव चमच्याच्या आतबाहेर पूड. जास्त पूड टाकून कोट जाड होत नाही, नुसती पूड उडते. बरणी टम्बलरमध्ये (ती फिरवत राहणाऱ्या यंत्रात) दोन ते तीन तास. छर्रे पूड ठोकून ठोकून जॅकेटमध्ये बसवतात, म्हणून ते गोळ्यांच्या फटी भरून निघतील इतके हवेत. बरणी अर्ध्याहून रिकामी ठेवली तर लांब, अणकुचीदार गोळ्यांची टोकं एकमेकांवर आपटून चेपतात, आणि मग नेमबाजी सुधारायला निघालेला माणूस तीच बिघडवून बसतो. शेवटी चाळणीतून छर्रे वेगळे करायचे, गोळ्या टॉवेलवर लोळवून सुटी पूड काढायची, हॉलो पॉइंटच्या भोकात पूड अडकली असेल तर टिचकी मारून झटकायची. मॉली आणि एचबीएनसाठी बरण्या आणि छर्रे वेगळे ठेवा. पूड हाताळताना मास्क लावा.

मॉलीचा कोट नीट बसला की गोळी चकचकीत करडी दिसते, कुठे उघडी राहिली तर डोळ्यांना लगेच कळतं. एचबीएन जवळजवळ पारदर्शक असतं. गोळी बोटांतून सटकते यावरूनच अंदाज बांधायचा, सलग कोट बसलाय की नाही हे खात्रीनं सांगता येत नाही. एचबीएनची ही बाजू मला खटकते. मॉलीची खटकणारी बाजू सांगायला नको: बोटं, प्रेसचा हँडल, टेबल, शर्टाची बाही, सगळं काळं. मॉलीवरून कार्नुबा मेणाचा हात फिरवायची पद्धत याच्यासाठी होती, पण ते मेण पुढे थ्रोटमध्ये साचतं.

नेक टेन्शनकडेही, म्हणजे काडतुसाच्या पितळी केसची मान गोळीला किती घट्ट धरते त्याकडेही, बघावं लागतं. निसरडी गोळी केसच्या मानेत सैल बसते. रायफलिंगला टेकवून किंवा मॅगझिनमधून भरणाऱ्यांची गोळी मागे सरकू शकते. मान आवळणारं बुशिंग ०.००१ इंचानं लहान घेतलं की सहसा भागतं. उलट बाजूनं पाहिलं तर भरून महिनोन्‌महिने ठेवलेल्या काडतुसात गोळी आणि पितळ एकमेकांना जखडतात, ते कोटिंगमुळे टळतं. हा फायदा मी मोठाच मानतो. फक्त तो मिळवायला गोळीच रंगवायची गरज नाही. केसची मान कोरड्या ग्रॅफाइटमध्ये बुडवून काढली की तेवढंच काम होतं आणि नळीत काही साचत नाही.

आता ज्या कटकटीनं माझ्यापुरता निकाल लागला ती: सफाईनंतरच्या पहिल्या गोळ्या.

कोटेड गोळी नळीत आपला थर ठेवत जाते. थर पूर्ण बसला की घर्षण ठरावीक होतं आणि वेग स्थिर होतो. सफाई केली की सॉल्व्हंट आणि ब्रश तो थर अर्धवट उखडतात, कुठे राहतो, कुठे जातो. मग पुढच्या आठ-दहा गोळ्या तो पुन्हा बसवण्यात खर्ची पडतात आणि तेवढ्यात वेग हळूहळू खाली सरकत असतो. शंभर यार्डांवर हे दिसतही नाही, म्हणून पुष्कळ जण याला थोतांड म्हणतात. .३०८ मध्ये सेकंदाला ४० फुटांचा फरक ६०० यार्डांवर चार-पाच इंच वर-खाली करतो, १००० यार्डांवर फुटाहून जास्त. एफ-क्लास या लांब पल्ल्याच्या स्पर्धेतल्या १००० यार्डांच्या टार्गेटवर सर्वोच्च गुणांची रिंग १० इंच व्यासाची. दोनच सायटर (गुणांत न धरल्या जाणाऱ्या चाचणीच्या गोळ्या) मिळणाऱ्या सामन्यात आठ-दहा गोळ्या नळीच्या मनधरणीला आणायच्या कुठून?

यावर तोडगा म्हणून सांगतात, नळी साफच करू नका. करून बघायला हरकत नाही. पण दारूचा कार्बन थांबत नाही. तो मॉलीत मिसळून थ्रोटच्या पुढे कडक काळं कडं तयार करतो. अमोनियाचा सॉल्व्हंट तांबं विरघळवतो, या कड्याला त्याचा काही उपयोग होत नाही. ते घासायच्या पेस्टनंच निघतं. आणि नळी वाचवायला लावलेलं कोटिंग काढण्यासाठी नळीच घासत बसायचं, म्हणजे भीक नको पण कुत्रा आवर.

एचबीएन इथे पुष्कळ सौम्य आहे, हे मान्य करायला हवं. नळी पूर्ण कोरडी आणि तेलमुक्त करून, ९० टक्क्यांवरच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये चिमूटभर पूड हलवून, त्याचे दोन-तीन पॅच (कापडाचे छोटे तुकडे) नळीतून फिरवून वाळू दिले की पहिल्या गोळीपासून थर तयार मिळतो. पूड लगेच तळाशी बसते, त्यामुळे दर पॅचआधी बाटली हलवा. चेंबरमध्ये ओल गेली तर कोरड्या कापडानं पुसून घ्या. चेंबर निसरडं झालं की केस भिंतींना धरत नाही आणि बोल्टवर जोर येतो. एवढं सगळं केलं तरी पहिल्या तीन-चार गोळ्यांवर मी पैज लावणार नाही. साध्या गोळीवर लॅप केलेली नळी सफाईनंतर एक-दोन, फार तर तीन गोळ्यांत ठिकाणावर येते, आणि पुढच्या वेळीही तशीच येते. मला अंदाज बांधता येणं जास्त मोलाचं वाटतं, तुमचं मत वेगळं असू शकतं.

म्हणून डबी घेण्याआधी आपली नळी काय करते ते बघा. नीट साफ करून ४०-५० साध्या गोळ्या मारा आणि मग तांब्याचा सॉल्व्हंट लावून दहा मिनिटं थांबा. पॅच फिकट निळा आला आणि ग्रुपही तोपर्यंत टिकला, तर कोटिंग कशासाठी? पॅच गर्द निळा येत असेल, नळीच्या तोंडाशी तांब्याच्या रेघा दिसत असतील आणि विसाव्या गोळीनंतर ग्रुप फुटत असेल, तर एचबीएन लावून बघा. मधे न थांबता लांबलचक फैरी झाडायच्या असतील तरीही एचबीएनच बरं. नव्यानं मॉलीच्या वाटेला जा असं मात्र आज कुणाला सांगवत नाही. तयार मॉली गोळ्यांचा साठा आधीच हाताशी असेल तर एका नळीला त्यांच्यासाठीच वाहून टाका.

एकाच नळीतून आज कोटेड आणि उद्या साधी असं आलटून-पालटून मारू नका, दोन्हींचा वेग बिघडतो. कोटिंग सोडून साध्या गोळीवर परत यायचं असेल तर पेस्टनं नळी धातूपर्यंत स्वच्छ करा, पेस्टचा कण न कण पुसून काढा, आणि कोटिंगसाठी वाढवलेली दारू आधी उतरवा. तीच मात्रा साध्या गोळीमागे ठेवली तर दाब मर्यादेपलीकडे जातो. सुरुवातीच्या मात्रेवरून, क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजायचं यंत्र) लावून, पुन्हा नव्यानं वर चढायचं.