राजारामपुरीतला कोडिंगचा क्लास : उणे बाकी एकदम क्लिअर, नोट्स मात्र सुधारा

कोल्हापूरच्या राजारामपुरीत कोडिंगचे क्लास गल्लोगल्ली झालेत, त्यातल्या एका छोट्या क्लासचा हा रिव्ह्यू. नाव टाकत नाही कारण खाली तक्रारी पण हायत.

आधी चांगलं सांगतो. सरांनी एक अख्खा तास फक्त ऋण संख्येच्या बाकीवर घेतला आणि नाद खुळा घेतला. बोर्डावर -17 % 5 लिहिलं (इथं % म्हणजे टक्के नाही, भागून उरलेली बाकी) आणि लॅपटॉपवर तेच सी, जावा आणि पायथनमध्ये चालवून दाखवलं, सी आणि जावा म्हणतात -2, पायथन म्हणतो 3, पोरं गप्पच. मग सर म्हणाले, टपरीवर 17 रुपये उधारी हाय आणि खिशात सगळी 5 ची नाणी, तीन दिलीस तर 2 रुपये देणं राहतं, चार दिलीस तर 3 परत येतात, यात खोटं कोण बोलतंय सांगा. खोटं कोणीच नाही. भाजक गुणिले भागाकार अधिक बाकी बरोबर भाज्य, हे दोन्हीकडं जुळतंय, फरक फक्त भागाकार कुठं तोडला याचा. -17 भागिले 5 म्हणजे -3.4, त्याचं सी करतं -3, म्हणजे शून्याकडं सरकतं, आणि पायथन करतो -4, खाली जातो. आणि -2 आणि 3 मध्ये अंतर बरोबर 5 चं, म्हणून मॉड्यूलो 5 मध्ये, म्हणजे 5 च्या पटीतला फरक सोडून दिला तर, दोन्ही एकच.

मला सगळ्यात आवडलं ते वारांचं उदाहरण. रविवार 0 धरला तर बुधवार 3, मग 12 दिवसांपूर्वी कुठला वार? 3 वजा 12 म्हणजे -9, मॉड 7 केलं, म्हणजे पायथनसारखी 7 ने भागून बाकी काढली, की 5, शुक्रवार. जावात तेच सरळ लिहिलं तर -2 येतं आणि ॲरेत, म्हणजे वारांच्या क्रमवार यादीत, घातलं की प्रोग्राम एरर देऊन पडतो, सीमध्ये तर कधीकधी एरर पण येत नाही, ॲरेच्या बाहेरचं काहीतरी उचलतं, ते लई बेकार. उपाय म्हणजे बाकी काढा, त्यात भाजक मिळवा, परत बाकी काढा, नाहीतर जावा 8 पासून फ्लोअरमॉड, म्हणजे पायथनसारखी बाकी देणारं फंक्शन, आयतं मिळतंय. विषम संख्या तपासताना बाकी 1 आली का असं विचारू नका, 0 नाही ना असं विचारा, कारण जावात -7 % 2 हे -1 येतं. असलं यूट्यूबवर पटकन कोण सांगत नाही.

आता तक्रार. छापील नोट्समध्ये ठळक अक्षरात लिहिलंय की पायथनमध्ये बाकी कधीच ऋण येत नाही. साफ चूक. 7 % -3 करून बघा, -2 येतं, तिथं बाकी भाजकाचं चिन्ह घेते, एक्सेलचं मॉड पण तसंच वागतं. बाकी शून्य किंवा धनच पाहिजे हा नियम गणिताच्या पुस्तकातला, भाजक कुठल्याही चिन्हाचा असला तरी. सरांना दाखवलं तर मान्य केलं लगेच, पण पुढच्या बॅचला तीच झेरॉक्स वाटली राव!

एसी नावालाच हाय, गाडी लावायला संध्याकाळी जागा मिळत नाही, फी आजूबाजूच्या क्लासपेक्षा जरा जास्त. डिप्लोमा किंवा बीसीएची पोरं असाल तर डोळे झाकून जावा, नुसतं सर्टिफिकेट पाहिजे असंल तर दुसरीकडं स्वस्तात मिळंल. 5 पैकी 4 स्टार, एक नोट्सचा कापला.