पायलोनायडल सायनस: जखम उघडी ठेवायची, टाके घालायचे, फ्लॅप की लेझर?

भावाच्या माकडहाडाजवळची जखम मी सात आठवडे रोज धुतली. त्याचा पायलोनायडल सायनस, म्हणजे नितंबांमधल्या घळीत केस आत शिरून कातडीखाली झालेली पोकळी, काढून जखम उघडीच ठेवली होती. ऑपरेशन सोपं, अर्ध्या तासाचं. पण जखम तळापासून भरत येते आणि त्याला सहा ते बारा आठवडे, कधी जास्तही लागतात. ती जागा स्वतःला दिसत नाही, म्हणून एकट्याने राहणाऱ्याने आधी विचारावं: रोज ड्रेसिंग कोण करणार?

दुसरा मार्ग, तिथेच मधोमध टाके घालणं. पंधरा दिवसांत सुटका, असं वाटतं खरं. पण नितंबांमधली घळ तशीच खोल राहते. घाम, घर्षण, गळलेले केस पुन्हा तिथेच जातात. टाके उसवतात, पू होतो. टाके घालायचेच तर मध्यरेषेपासून बाजूला घालावेत, असा निष्कर्ष अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या 2010 च्या कोक्रेन आढाव्यानेही काढला. मला विचाराल तर मधोमध टाक्यांना स्पष्ट नाही म्हणा.

फ्लॅपमध्ये, म्हणजे शेजारची कातडी सरकवून जखम झाकताना, नेमकी ती घळच उथळ करतात. लिंबर्ग पद्धतीत शंकरपाळ्याच्या आकाराचा भाग काढून शेजारची कातडी चरबीसकट तिथे फिरवून बसवतात. ग्रीक लष्करी सर्जन कारिडाकिस यांच्या पद्धतीत टाक्यांची रेष एका बाजूला सरकते. सायनस वारंवार उलटत असेल किंवा फाटे फुटले असतील, तर मी हाच पर्याय निवडेन. व्रण मोठा दिसतो, आजूबाजूला बधिरपणा राहू शकतो, काही दिवस निचऱ्याची नळी असते. तरी बहुतेक जण दोन-चार आठवड्यांत कामाला लागतात. मात्र हात बसलेला सर्जन हवा. अशी किती ऑपरेशनं केलीत, हे निःसंकोच विचारा.

लेझर किंवा दुर्बिणीच्या उपचारात छेद लहान, दुखणं कमी, काही दिवसांत कामावर. लहान, पहिल्यांदाच झालेल्या सायनसला ते ठीक. पण घळ तशीच राहते, आणि हा आजार चार-पाच वर्षांनीही उलटतो. त्यामुळे एका वर्षाच्या निकालावर भुलू नका.

पू साठून ठणकत असेल तर आधी निचरा, मोठं ऑपरेशन नंतर. नुसतं छिद्र आहे, त्रास काहीच नाही, तर ऑपरेशनची घाई नको. केस काढत राहा, जागा कोरडी ठेवा. भाऊ आजही दर पंधरा दिवसांनी तिथले केस काढून घेतो.